पोरीला अफू कोणी दिली

माझी लेक जन्माला आली तीच अफूची सवय घेऊन. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग विषय बदलतात. बदला बापडे. मी जे झालं ते लिहिणार आहे. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना मला सांगितलं होतं, "सुमन, तू सातवी शिकलीस, तुला लिहिता येतं. हे लिहून काढ. तुझ्यासारख्या बाया माझ्याकडं येतात आणि काही म्हणजे काही सांगत नाहीत." तेव्हा अंगात त्राण नव्हतं. आता पोरगी कोंबड्यांच्या मागं धावायला लागलीय, त्यामुळं मला टेकायला थोडा वेळ मिळतो.

मी काही डॉक्टर नाही. रोगाचं शास्त्र माझ्याकडं मागू नका. आम्ही काय भोगलं तेवढं सांगते.

कंबरेची गोळी

दुष्काळाचं साल. माझं सासर श्रीगोंद्याच्या बाजूला, काष्टीच्या बाजाराला पायी जाता येतं एवढ्यावर. विहिरींचा तळ दिसला तशी सगळी गावं सरकारी कामावर लागली. आम्ही खडीवर होतो, मी, माझे मालक आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उन्हात बसायचं, हातोडीनं दगड फोडायचा, फोडलेल्याचा ढीग घालायचा आणि मोजणीला साहेब कधी येतो याची वाट बघायची. मी पोटुशी होते. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण आमच्या टोळीतल्या निम्म्या बाया पोटुशाच होत्या.

माझी कंबर पार गेली. बसलं की उठता येईना आणि उठलं की बसता येईना. आत्याबाईंनी हे बघितलं आणि बाजारच्या दिवशी काष्टीहून गोळ्या आणल्या. काळ्या, गुळात वळलेल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या. म्हणाल्या, "घे. कंबरंची गोळी हाय. म्या बी घेती. ह्या पोरीबी घेत्यात."

खरंच सगळ्याच घेत होत्या. बाजारात एक म्हातारा गोणपाटावर झाडपाला मांडून बसायचा, तो विकायचा. गोळी पोटात गेली की थोड्या वेळानं कंबर आपली नाहीच असं वाटायचं. भूकसुद्धा मरायची. त्या साली भूक न लागणं म्हणजे केवढी सोय झाली, विचार करा. आधी मी सकाळची घेत होते. मग दुपारची घ्यायला लागले. मग नाही घेतली तर नाक गळायचं आणि हाडं दुखायची, म्हणून रात्रीची पण घ्यायला लागले.

गोळी कशाची आहे हे मी विचारलं नाही. सासूनं मायेनं हातावर ठेवलेलं कुणी हुंगून बघतं का? आणि माया होती, हे मी नाकारत नाही. कमी पडली तर त्या स्वतःच्या वाटणीची मोडून मला द्यायच्या. गोळी दिली म्हणून मी त्यांना आजही नावं ठेवत नाही. पुढं जे केलं त्याबद्दल ठेवते, आणि मरेपर्यंत ठेवणार.

रडणं

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण माझं माहेर पारनेरच्या बाजूला, तेव्हा तिथलं सगळं गाव टँकरवर जगत होतं. आईनं निरोप पाठवला की पोरी, इथं तुला न्हाऊ घालायला पाणी नाही. म्हणून कामावरच्या पालातच मी बाळंत झाले. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली. मुलगी झाली. पहिला दिवस ती गुमान झोपली आणि मला वाटलं, किती शहाणी लेक आहे माझी.

दुसऱ्या दिवशी ती रडायला लागली. मी पोरांचं रडणं ऐकलेलं होतं, माझ्या पाठीवर चार भावंडं झालीत. हे रडणं तसं नव्हतं. कातरीला धार लावताना होतो तसला तो आवाज. थांबायचंच नाव नाही. अंगावर घेतलं तर तुटून पडायची, दोन घोट पिऊन ओकायची. हातपाय थरथरायचे. एकामागून एक शिंका. स्वतःच्या मुठी चोखून चोखून तिनं बोटांची सालं काढली. सुईण आली, बघितलं आणि दारातूनच मागं सरली. "आकडी हाय. विळ्याचा धनुर्वात आसंल. माझ्या नावानं खडं फोडू नका."

मालकांनी खडी नेणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून आम्हाला नगरला आणलं. ट्रकच्या प्रत्येक हिसक्याला पोरगी ताठ व्हायची. मी तिचं तोंड पदराखाली झाकून घेतलं होतं, कारण मला ते बघवत नव्हतं.

अंधाऱ्या खोलीबाहेर

दवाखान्यात आधी सगळ्यांनी धनुर्वातच धरला. धनुर्वाताच्या पोराला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, हात लागलेला चालत नाही. तिला एका खोलीत ठेवलं, खिडकीला घोंगडी लावली आणि मला बाहेर काढलं. मी दाराबाहेर फरशीवर बसून राहिले. ओली बाळंतीण. दूध यायचं आणि चोळीत जिरायचं.

तिथला दिवस फिनेलच्या वासानं उजाडायचा. आया बादली घेऊन यायची आणि सगळ्यांना "उठा, पाय वर घ्या" म्हणायची. मग डॉक्टरांची फेरी. मग एका मोठ्या पातेल्यातून पातळ पेज. त्या ओळीत आणखी दोन पोरं धनुर्वाताची होती. एक गेलं. त्याची आई रडलीच नाही, उठून फडकं झटकलं आणि पेजेच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला तिचा राग आला होता. आता येत नाही.

डॉक्टरीणबाई पुण्याहून आलेल्या, वयानं फार नव्हत्या, पण बोलणं असं की समोरच्यानं आपोआप सरळ उभं राहावं. दुसऱ्या फेरीला त्यांनी आपलं बोट पोरीच्या तोंडात घातलं आणि तसंच ठेवलं. मला आत बोलावलं.

"ही चोखतेय," त्या म्हणाल्या. "धनुर्वाताच्या पोराचा जबडा उघडतच नाही. हिला धनुर्वात नाही."

मला वाटलं, सुटले. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "हात जोडू नकोस. धनुर्वात नाही म्हणजे काय आहे ते मला अजून माहीत नाही." मग विचारलं, "पोटुशी असताना काय खात होतीस?"

"रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी. कामावर सुकडी मिळायची ती."

"औषध काही?"

"न्हाई."

"दारू? अफू? गांजा?"

मला इतका राग आला! गरीब असले म्हणून काहीही विचारायचं? "आमच्या घरात असलं काही नाही," असं मी ताडकन सांगितलं. आणि मी खोटं बोलत नव्हते. औषध म्हणजे डॉक्टरनं बाटलीतून दिलेलं. अफू म्हणजे म्हातारे पुरुष चावडीवर बसून खातात ती. कंबरेची गोळी म्हणजे कंबरेची गोळी. आमच्याकडच्या शंभर बायांना विचारलं असतं तर शंभरजणींनी असंच सांगितलं असतं.

लघवी

डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की पोरीची लघवी पुण्याला पाठवायची. तिथं त्यांच्या ओळखीच्या कुणाकडं तपासायची सोय होती. आईच्या पोटात पोराला काही चढलं असेल तर ते पोराच्या लघवीत उतरतं, असं त्या म्हणाल्या. मला काही पटलं नाही. पण धनुर्वात नाही म्हणणारी तीच एक होती, म्हणून मी मान हलवली.

तान्ह्या पोरीची लघवी धरणं सोपं वाटतं ना? मुलगा असता तर नळी लावली की झालं. मुलीचं काय करणार? तिथं एक केरळची सिस्टर होती. तिनं रबरी हातमोज्याचं बोट कापलं आणि चिकटपट्टीनं पोरीला लावलं. पोरगी इतकी पाय झाडायची की पट्टी निघायची आणि निघताना कातडी घेऊन यायची. टाचा आणि गुडघे चादरीला घासून आधीच सोलवटले होते. सिस्टरनं दोन पाय धरले, मी कंबर धरली. लघवी झाली ती सगळी चादरीवर. परत पट्टी. परत तेच. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू गाणं म्हण. ती ऐकेल." मला एकही गाणं आठवेना. मी नुसती "हं हं" करत राहिले. शेवटी बोटाच्या टोकाशी थोडीशी पिवळी लघवी साठली. तेवढी बाटलीत घालून, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून दवाखान्याच्या माणसानं पुण्याच्या गाडीनं नेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी आई आली. पारनेरच्या एसटीतून उतरून विचारत विचारत दवाखान्यात पोचली. निरोप तिला तेवढ्या उशिरा मिळाला होता. डोक्यावर गाठोडं, त्यात तीळ आणि थोडा गूळ. दुष्काळात तो गूळ तिनं कुठून आणला देव जाणे.

माझं अंग

आतापर्यंत पोरीचंच सांगितलं. तोवर माझीही चाळण झालेली होती. दवाखान्यात गोळी कुठली? नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात पीळ पडून सारखं परसाकडं. पायांची हाडं कुणी आतून कुरतडतंय असं वाटायचं. सगळे म्हणाले, बाळंतवात. मीही तेच धरून चालले.

आईनं मात्र मला बघितलं आणि बोलायची थांबली. माझ्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं वळवलं. बराच वेळ डोळ्यांत बघत बसली. मी म्हटलं, "काय बघतीस?" तर म्हणाली, "काय न्हाई. सुकलीस." आणि तिळाचा लाडू वळायला घेतला.

एवढंच सांगते, की एका भिंतीच्या अलीकडं मी आणि पलीकडं माझी लेक, दोघी एकाच दुखण्यानं तडफडत होतो आणि कुणालाच ते माहीत नव्हतं.

ट्रंक कॉल

पुण्याहून ट्रंक कॉल आला त्या दिवशी मालक आणि आत्याबाई भाकरी घेऊन आलेले होते. डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. हातात एक लहान तपकिरी बाटली होती.

"पोरीच्या लघवीत अफू आहे," त्या म्हणाल्या. "कुणी दिली?"

वॉर्डातल्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. मला काहीच कळेना. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि जमिनीकडं बघायला लागल्या. मालक माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. अफू म्हटलं की पोलीस, एवढं त्यांना माहीत होतं.

"तू खात हुतीस?" ते म्हणाले. "खरं सांग. असलं काय आसंल तर तू आन ही पोरगी, दोगी माझ्या दारात पाय ठेवू नका. अफूबाज बाई मला घरात नको."

मी तोंड उघडायच्या आत आई पुढं झाली.

"जावईबापू, तिला काय बोलू नका. म्या दिली."

"काय?"

"पोरगी रडत हुती. बघवंना. गुटीत उगाळून बोटानं चाटवली. आमच्याकडं देत्यात समदी."

तसं खरंच देत असत. पोर झोपावं आणि आईला कामाला जाता यावं म्हणून तान्ह्याला अफूची बाळगोळी देणाऱ्या कितीतरी बाया होत्या. डॉक्टरीणबाईंनी असल्या आज्या रोज बघितलेल्या. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला नाही. आईला त्या इतकं बोलल्या की ते मला लिहवत नाही. "नात मारायला निघालीस, म्हातारे" इथून सुरुवात झाली. आई मान खाली घालून उभी. मग बाईंनी हातातली बाटली परत कोटाच्या खिशात टाकली. "पोटातूनच आलं असतं तर याची गरज होती," त्या सिस्टरला म्हणाल्या. "वरून चाटवलेली आपोआप उतरेल. आता हिच्या अंगात काहीही जाऊ द्यायचं नाही. आणि ही म्हातारी आत दिसता कामा नये."

आत्याबाई तेव्हा बोलल्या. काय बोलल्या ते ऐका. "तरी म्हनलं, इहीनबाई आल्यापासून पोरगी जास्तच करायलीय."

आणि मी? मी आईवर धावून गेले. माझाही विश्वास बसला होता. "माझ्या लेकीच्या जिवावर उठलीस? तुला दुसरं काही सुचलं नाही?" असं मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. ती गाठोडं उचलून बाहेर गेली.

चादर बदलताना

बाईंनी सांगितलं होतं की आपोआप उतरेल. उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरीचा आवाज बसला. रडायची, पण नुसतं तोंड उघडायचं. डोळे खोल गेले, टाळू आत गेली. दुपारी आकडी आली ती ओठ निळे करून गेली. थोड्या वेळानं परत आली. सिस्टर माझ्याकडं न बघता काम करायला लागली, तेव्हा मला कळलं की ही आता जाणार.

चादर बदलायची म्हणून मी पोरीला उचललं. तिच्या मांडीवर चिकटपट्टीनं निघालेल्या कातडीची खपली दिसली. आणि लख्ख आठवलं. ही पट्टी आम्ही लावली तेव्हा इथं मी होते आणि सिस्टर होती. आई कुठं होती? आई आलीच नव्हती! ती दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरली. मग त्या लघवीत आईनं दिलेली अफू कशी असेल?

मी पोरीला सिस्टरच्या हातात दिलं आणि बाहेर गेले. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली नातेवाइकांच्या चुली असायच्या. आई तिथं तीन दगडांवर भात शिजवत होती. आजूबाजूच्या बायांनी आपापली भांडी तिच्यापासून लांब सरकवली होती.

"आई, तू पोरीला काय दिलंस?"

"सांगितलं न्हवं एकदा."

"लघवी घेतली तेव्हा तू नगरात नव्हतीस."

तिनं लाकूड पुढं सारलं. "हळू बोल."

"का खोटं बोललीस?"

"माझा बाप अफू खायचा, सुमे. मिळाली न्हाई की असाच जांभया द्यायचा, असंच नाक गळायचं. तुझं तोंड बघितलं आन मला कळलं. म्हनलं, पोरीनं कुटं खाल्ली आसंल? आन मग जावयाचं तोंड बघितलं." तिनं पळ्यानं भात ढवळला. "तुमा दोगींना घेऊन मी कुटं जाऊ? आमच्याकडं प्यायला पानी न्हाई. माझं काय, मला दोन शिव्या पडल्या. तुझं घर तर ऱ्हायलं."

"अगं, पण ती मरायला लागलीय. बाईंनी तुझं ऐकून औषध खिशात घातलं."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. भाताचा पळा हातातून सुटला. तिच्या तोंडाचं काय झालं ते मी परत कधी बघू नये एवढंच म्हणते. मी तिला तिथंच सोडून धावत सुटले. ओली बाळंतीण, आणि मी बायकांच्या वॉर्डातून, पुरुषांच्या वॉर्डातून, बाई कुठंयत, बाई कुठंयत करत धावत होते.

बाई दुसऱ्या एका बाईच्या बाळंतपणाला उभ्या होत्या. मी दारातूनच सांगितलं. "आईनं काही दिलं नाही. लघवी घेतल्यावर ती आली. गोळ्या मी खाल्ल्या. कंबरेच्या. सासूनं आणलेल्या. शेवटपर्यंत, दिवसाला तीन."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. माझं गळणारं नाक, दंडावरचा काटा, तेव्हा पहिल्यांदा बघितला असेल. हातातलं काम दुसरीला दिलं आणि माझ्यापुढं चालायला लागल्या.

थेंब मोजून त्यांनी पोरीच्या जिभेवर सोडले. मी विचारलं, कसलं औषध? "अफूचंच," त्या म्हणाल्या. "जे अंगाला लागलंय ते एकदम काढून घेतलं तर पोर मरतं. रोज थोडं थोडं कमी करायचं." मला हसू आलं. खरंच, मोठ्यानं हसले मी. सिस्टरनं मला धरून खाली बसवलं.

मग पोरगी झोपली. जन्मल्यापासून पहिल्यांदा नीट झोपली. मला वाटलं गेली. नाकाखाली बोट धरून बसले, तो ऊन ऊन श्वास लागत राहिला.

मग

बरं होणं म्हणतात ते काही एका दिवसाचं नव्हतं. रोज थेंब कमी केला की पोरगी चिडायची, परत थरथरायची, मग सावरायची. माझं दूध आटून गेलं होतं. बोंडल्यानं दूध पाजायचं, निम्मं बाहेर यायचं. मलाही औषध होतं. पण गोळीची आठवण औषधानं जात नाही. एकदा पायांची हाडं इतकी कुरतडली की आत्याबाई भाकरी घेऊन येतील तेव्हा एक मागून घ्यावी असं मनात आलं. ज्यांना हे कळत नाही त्यांना कळू नये हेच बरं. सिस्टर पोरीच्या गुडघ्यांना स्वतःच्या डोक्याचं खोबरेल लावायची. अशा गोष्टींवर आम्ही ते दिवस काढले.

डॉक्टरीणबाई स्वतः लिंबाखाली गेल्या आणि आईला म्हणाल्या, "आजी, आत या. मी बोलले ते चुकले." आई आत आली, पण पोरीच्या खाटेपासून दोन हात लांबच बसायची. कितीही म्हटलं तरी हात लावायची नाही.

मालक आले तेव्हा मी सगळं सांगितलं. बाईंनीही सांगितलं. आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हीच सांगा. गोळ्या कुणी आणल्या?"

त्या म्हणाल्या, "कसल्या गोळ्या?"

मी काष्टीच्या बाजारातल्या म्हाताऱ्याचं नाव काढलं.

"आईला वाचवायला सासूवर घालती व्हय गं? पोरीनं आईची बाजू घ्यावी, पन एवढं?" त्यांनी डोळ्याला पदर लावला. मालकांनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "जाऊ द्या आता. पोरगी वाचली. पन तुझ्या आईनं परत आमच्या घरी यायचं न्हाई."

पुढं घरी गेल्यावर आम्ही दोघीच चुलीपाशी असताना आत्याबाई एवढंच बोलल्या, "म्या बी खाते नव्हं? मला काय झालं? मी तुला इख देईन व्हय?" त्यांना खरंच पटत नव्हतं. पण पटत नव्हतं तर पुण्याचा निकाल आला तेव्हा गोळ्यांचं नाव का काढलं नाही, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

गावात

आम्ही पोचायच्या आधीच गोष्ट गावात पोचली होती. पारनेरच्या म्हातारीनं नातीला अफू चाटवली. आमच्याकडंही पोचली आणि माझ्या माहेरीही. माझी आई गावातल्या बाळंतिणींना न्हाऊ घालायची. कुणी बोलावेनासं झालं. ती मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरगी जगली न्हवं." पण तिची पाठ त्या एका वर्षात वाकली, ते मी बघितलंय.

मी काही गप्प बसले नाही. टँकरपाशी, कामावर, देवळापाशी, जी भेटेल तिला सांगितलं. गोळी मी खाल्ली. पोटातून पोरीला लागली. आईनं काही दिलं नाही. तुम्ही खाताय तीच गोळी. बाया ऐकून घ्यायच्या. हळहळायच्या. आणि मी वळले की मला ऐकू येईल अशा आवाजात बोलायच्या, "आईला झाकती बिचारी. पोटची माया हाय."

आईचं खोटं सगळ्यांनी खरं मानलं आणि माझं खरं म्हणजे लेकीनं आईसाठी केलेलं खोटं झालं.

खडीवर माझ्या शेजारी आमच्या भावकीतली पार्वती बसायची. पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. दुपारच्या सुट्टीत मी तिला सगळं सांगितलं, अगदी इथं लिहिलंय तसं. रडणं, आकडी, चिकटपट्टी, सगळं. तिनं मन लावून ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग पदराची गाठ सोडली, काळी गोळी काढून तोंडात टाकली आणि माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायली.

मी म्हटलं, "पारू, अगं आत्ता काय सांगितलं मी तुला?"

"ऐकलं की, ताई," ती म्हणाली. "पन माझी आई न्हाई तसली."